जावईबापूंची खरी चक्कर

३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी नीट बस, मग वाच. आम्हां दोघांना चित्रपट मिळालाय, तोही नवरा-बायकोचाच! फक्त त्यातले नवरा-बायको नशेच्या नादी लागून संसाराची राखरांगोळी करतात. दिग्दर्शक म्हणतात, अभिनय करू नका, भोगा. तुझ्या जावयाने ते फारच मनावर घेतलंय. आठ दिवस आंघोळ नाही, दिवसाला दोन उकडलेली गाजरं आणि कप हातात धरून थरथरण्याचा सराव. तीन कप फुटले. शेजारीण माझ्याकडे दयेने बघते. तू बावीस वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात सिस्टर होतीस. नशेतला माणूस नेमका कसा दिसतो, ते कळव.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

९ जून

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

इतकी हसले की चष्मा पलंगाखाली गेला. जावईबापूंना म्हणावं, आधी अंग धुवा. माझे कितीतरी पेशंट कडक इस्त्रीत यायचे. हात नंतर थरथरतात, आधी जीभ सराईत होते. एक जोडपं एकमेकांच्या शपथा घेऊन खोटं बोलायचं आणि मी दर वेळी फसायचे. गुणी होती गं दोघंही. नाही वाचली. असो. गाजरं बंद! गुरुवारी मी चित्रीकरण बघायला येतेय.

तुझी मावशी

२० जून

ती. मावशीस,
सा. न.

जावई ठणठणीत आहे, दोन्ही वेळा चापून जेवतो. सेटवर अजून तुझाच विषय चाललाय. तो कोसळला तेव्हा मलाही वाटलं, वा, काय पडला! दिग्दर्शक तर डोळे पुसत कॅमेरा चालू ठेवायला खुणावत होते. त्याला खरीच चक्कर आलीय हे साठ माणसांत तुला एकटीला कळलं. चपला टाकून धावलीस, त्याला कुशीवर वळवलंस, बटणं सैल केलीस, शुद्धीवर येताच तोंडात साखर घातलीस, सगळं बरोबर. पण मग नशा विकणाऱ्याचं काम करणाऱ्यांची कॉलर का धरलीस? काय दिलंस ह्याला, म्हणत त्यांना गदागदा हलवलंस. पुडीत ग्लुकोज आहे हो बाई, नुसतं ग्लुकोज, म्हणून ते रडकुंडीला आले. अगं, ते शाळेत चित्रकला शिकवतात! कहर म्हणजे दिग्दर्शकांना हे सगळं चित्रपटात ठेवायचंय. तुझी परवानगी मागतायत. घाई नाही, पण लगेच कळव.

रागावली नसलीस तर माया पाठव.
तुझी भाची

२६ जून

चि. बाळीस,
आशीर्वाद.

परवानगी दिली. चित्रकलेच्या सरांची माझ्या वतीने माफी माग. कॉलर उसवली असेल तर मी शिवून देईन. राग त्यांच्यावर नव्हता गं. बावीस वर्षांत वॉर्डात विकत घेणारे शेकड्यांनी आले. विकणारा एकही कधी आला नाही. त्या गुरुवारी समोर दिसला, तेव्हा तो खोटा आहे हे मी विसरूनच गेले.

दिग्दर्शकांना सांग, माझा अवतार कसाही दिसू दे. फक्त मी कॉलर सोडते, तेवढं कापा.

दोघांवर जीव आहे, जेवत राहा.
तुझी मावशी