ओरिनोजोची ताई

बुन्सेई सातवं वर्ष, सातवा महिना, दिवस २

पाथरवट क्यूबेई सकाळीच आला आणि दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. तेव्हाच ओळखलं, काहीतरी घाण आहे.

"ताई, थडग्याच्या दगडाचं काम थांबवायला सांगितलंय."

"कुणी?"

"नाटकगृहाकडून निरोप आला. कान्झोंचा. म्हणजे आता तेच नवे ओरिनोजो होणार ना..."

म्हणजे शिष्यानं गुरूचं नाव घ्यायचं आणि गुरूच्या बायकोचं खोडायचं!

या एडो शहरात विधवेचं नाव नवऱ्याच्या थडग्यावर त्याच्या नावाशेजारी कोरतात. ती जिवंत आहे तोवर अक्षरांत लाल रंग भरतात. मेली की रंग काढतात. मासेवाल्याच्या बायकोचं आहे. कोपऱ्यावरच्या खडावावाल्याच्या बायकोचं आहे, आणि ती तर नवऱ्याला त्याच खडावांनी बडवायची! नको आहे ते फक्त माझं.

दिवस ३

राग उतरला नाही. लिहिल्याशिवाय उतरायचा नाही. मठातल्या थोरल्या भिक्षुणी म्हणायच्या, "सुमी, तुझी जीभ म्हणजे कात्री. कागदावर चालव, माणसांवर नको." सातव्या वर्षी काकांनी तिथं सोडलं, सतराव्या वर्षी बाहेर आले. वळणदार अक्षर, शिवण आणि खोट्याची चीड, एवढं घेऊन. आणि लग्न कुणाशी लागलं? काबुकीतल्या स्त्रीपार्टी नटाशी!

बायकांना रंगमंचाची बंदी, म्हणून पुरुषांनी बायका व्हायचं. आणि बायका झालेल्या पुरुषांना बायको असायची बंदी. ही दुसरी बंदी सरकारची नाही, धंद्याची. "काय, बायको बरी आहे ना?" असं कुणी चेष्टेनं विचारलं की खाली बघून लाजायचं, हे ह्यांना बाविसाव्या वर्षीच पढवलेलं. घरातही बाईचेच कपडे. चारचौघांत जेवायचं नाही. लोकांसमोर मला हाक ताई. पुढं सवयीनं घरातही ताई. एकतीस वर्षं मी माझ्या नवऱ्याची थोरली बहीण होते! त्यांचे पोशाख शिवले, त्यांचे केस विंचरले, आणि पाहुणे आले की आत गेले.

हारु झाली तेव्हा तिला ह्यांची भाची केलं. बोलायला लागली तेव्हा शिकवलं, ही मावशी. बापाला मावशी म्हणत म्हणत चार वर्षांची झाली आणि देवीच्या साथीत गेली. तिच्यासाठी ह्यांनी दगड उभा केला. बुटका, भिंतीला जवळजवळ चिकटवून, मागून झाडताही येत नाही. नाव पुढं एकच, 'ओरिनोजो घराणे'. पोरीचं नावसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी हेही त्याखाली गेले.

दिवस ५

आज पुन्हा पावलं.

मागच्या खोलीत, आरशापाशी. ह्यांचीच चाल. दोन हलकी, एक ओढलेली, मग झग्याच्या काठाची सळसळ. भर दुपारी! भुताला वेळकाळ तरी असावा. मी ऐकायला थांबले की तेही थांबतं. शेवटी ओरडले, "येताय तर पाय पुसून या!" उत्तर नाही. जिवंतपणी तरी कुठं देत होते.

आरसा तसाच आहे. रंगाच्या डब्या, ब्रश, ओठांच्या लाल रंगाची चिनीमातीची वाटी. रोज पुसते. टाकवत नाही.

त्या वाटीवर मात्र माझा राग आहे. वर्षातून एकदा, वसंतात, हे एकटे थडग्यावर जायचे. मी वेगळी जायची, ते वेगळे, रीतच तशी. आणि परत आले की उजव्या बाहीवर लाल डाग. ओठांचा रंग! एकदा विचारलं, "स्मशानात कोण भेटते एवढी?" तर खाली बघून लाजले. रंगमंचावरचं लाजणं मला दाखवत होते! मला! बावीस वर्षं तो डाग तांदळाच्या धुवणात भिजवून घासला. परत विचारलं नाही. मानी बाई आहे मी.

दिवस ८

कान्झो स्वतः आला. जांभळं रेशीम, हातात टरबूज, आणि कमरेला माझी गाठ.

माझीच! विहिरीच्या बादलीनं माझा डावा खांदा गेला, हात वर जात नाही, म्हणून मी कमरपट्टा खाली, उजवीकडे ओढून बांधते. ह्यांनी ती गाठ रंगमंचावर नेली. आज एडोतल्या निम्म्या पोरी 'ओरिनोजो गाठ' मिरवतात. त्यांना काय ठाऊक, एका म्हातारीचं दुखणं मिरवतायत.

"रागावलात, ताई?"

"छे रे. टरबूज कापायला सुरी शोधतेय."

तो जरा मागं सरकून बसला.

वीस तारखेला नाव घ्यायचा समारंभ. त्याच दिवशी ह्यांचं गाजलेलं नाटक, टाकून दिलेल्या बायकोचं भूत. ते करता येत नाही म्हणून स्वारी आली होती.

"शेवटी ती दारातून जाते ना, ताई. गुरुजी दार सरकवून नुसते थांबायचे. खाली बघायचे. मग हलकेच दार लावायचे. बस्स, एवढंच. आणि सगळं नाटकगृह हुंदके द्यायचं. मी तस्संच करतो तर लोक खोकतात."

"मग खोकल्याचं औषध वाट."

"थट्टा नको. मी गुरुजींना विचारलं होतं. म्हणाले, ते माझं नाही, ताईला विचार."

हारु गेल्यावर कितीतरी महिने मी दार सरकवलं की थांबायची. मागून ती येत असायची ना. तिला आत यायला लागायचा तेवढा वेळ जाऊ द्यायचा आणि मग दार लावायचं. हात आपोआपच थांबायचा. हे कोपऱ्यात बसून बघायचे. पाठीवर हात नाही, शब्द नाही. नुसतं बघणं. अकरा महिन्यांनी रंगमंचावर भुतानं दार धरलं आणि एडो वेडं झालं. तिथूनच ह्यांचं नाव वर गेलं. चोर!

"माझं नाव लाल रंगात आलं की शिकवीन," म्हटलं.

"कसं जमायचं, ताई? नाटकवेड्या बायका थडग्यावर केसांच्या दोऱ्या बांधायला येतात, चिठ्ठ्या ठेवतात. ओरिनोजोची जिवंत बायको निघाली तर गुरुजींचं नाव बुडेल. माझंही." मग आवाज खाली घेऊन, "एक वाट आहे. नाव कोरू, पण लाल नको. रंगाशिवाय."

"रंगाशिवाय म्हणजे मेलेली."

"गेलेल्या बायकोला कुणाची हरकत नसते. उलट लोक रडतील. मी समारंभात तसं बोलून दाखवीन."

"म्हणजे बायको व्हायचं तर आधी मरायचं!"

"फक्त दगडावर हो, ताई."

टरबूज त्याच्या हातात परत दिलं. कापलेलं. रेशमावर गळत गळत गेला.

दिवस ९

टरबूज ठेवून घ्यायला हवं होतं. उकाडा फार.

दिवस १३

पितर घरी यायचा दिवस. त्यांना बसून यायला काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला. दिवेलागणीला, त्यांना वाट दिसावी म्हणून, दारात तागाच्या काड्या पेटवल्या.

शेजारची ओतोमे म्हणाली, "एवढा मोठा जाळ, ताई? बहिणीवर केवढी माया हो तुमची!"

मी म्हटलं, "हो. बहीणच तशी होती."

काड्या विझल्यावर दार सरकवून उभी राहिले. एक येणार की दोघं, कळेना. जास्तच वेळ थांबले.

दिवस १४

कान्झो उदबत्ती लावायला आला. आला नसता तर बरं, किंवा आला ते बरं, ठरत नाही.

तो पुढच्या खोलीत पडद्याकडे पाठ करून बसला होता. मी मागून चहा घेऊन निघाले. अर्ध्यावर आले तोच हा "गुरुजी!" म्हणून किंचाळला आणि कपाळ चटईवर आपटलं.

"आले, ताई! गुरुजी आले! मी ऐकलं, दोन हलकी पावलं, एक ओढून..."

मग मान वर केली. समोर मी, तबक घेऊन.

मी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिसरं ओढलं गेलं. मठाच्या थंड फरशीनं माझा गुडघा धरलाय, विशीच्या आधीपासून. काठ चटईवर सळसळला.

कान्झो पांढरा पडला होता. "तुमची चाल आहे ही," म्हणाला. "आम्ही सगळे वर्षानुवर्षं तुमची चाल शिकत होतो."

म्हणजे दोन वर्षं मी ज्याला दटावत होते, ज्याची वाट बघत होते, ती मीच! गाठ नेली, दार नेलं, चालही नेली. इतकी नेली की माझ्या घरात माझीच पावलं वाजली तर मला त्यांची वाटावी! हे आलेच नव्हते. एकदाही नाही. आरशापाशी जाणारी मी, पुसणारी मी, थांबून ऐकणारी मी.

मग भूत कोण?

चहा गार झाला. तोच त्याला दिला. म्हटलं, "कोर रंगाशिवाय. एकतीस वर्षं मी नव्हतेच, आता मेले म्हणून काय बिघडतंय."

दिवस १५

कान्झोला दार शिकवलं. आधी सतरा वेळा चुकला. मान फार सुंदर झुकवत होता.

"सुंदर नको. खाली बघ. वाट बघ."

"किती खाली?"

मी हात कमरेच्या खाली धरला. "इतकं."

"तिथं कोण आहे, ताई?"

"चार वर्षांची आहे. तिला खडावा काढता येत नाहीत लवकर, म्हणून वेळ लागतो. हात पुढं करायचा नाही, तिला आवडत नाही. मग ती आत येते. मग दार लावायचं, बोट चिरडणार नाही असं."

त्यानं दार सरकवलं. थांबला.

या वेळी बरोबर आलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

दिवस १६

पितरांना निरोप. जाळ लहानच केला.

क्यूबेई सांगून गेला, पुढं जागा नाही, बाजूला कोरावं लागेल, उद्या दगड भिंतीपासून ओढतो. ओढ म्हटलं.

दिवस १७

क्यूबेई धावतच बोलवायला आला. काय झालं ते सांगेना. त्याच्या मागोमाग गेले, गुडघा ओढत.

दगड पुढं ओढलेला. भिंतीकडची बाजू उघडी. तिच्यावर कोरीव अक्षरं आहेत. ह्यांचं घरचं नाव, योहेई. शेजारी 'पत्नी सुमी'. खाली 'कन्या हारु'.

"माझ्या बापाच्या हातचं आहे," क्यूबेई म्हणाला. "मला कधी बोलला नाही."

'सुमी'च्या अक्षरांत लाल होतं. फिकं, फक्त खोल कोपऱ्यांत उरलेलं. त्यानं नखानं खरवडून पाहिलं. "हा आमचा रंग नाही, ताई. आमचा टिकतो. हा ओठांचा. पावसाळ्यात जातो. दरवर्षी भरावा लागला असेल. आणि फट एवढीशी, नुसता हात जातो, बाही घासते."

दगड होता तसा लावायला सांगितला. कुठंच काही कोरायचं नाही.

चार बोटांची फट आहे. माझा उजवा हात धड आहे. लाल रंगाची वाटी बाहीत घेतली आहे, निघते.