स्वेटरचं माप

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, काम नेहमीसारखंच. आईचा गुडघा काय म्हणतो?

तुमच्या वाढदिवसाला स्वेटर पाठवायचं ठरवलंय. ऑफिसातले सगळे भेटवस्तू फोनवरूनच मागवतात. मीही मागवणार होते. पण आमच्या गल्लीतल्या एक बाई स्वतः विणून स्वेटर विकतात आणि त्यांच्या शेजारची दोन्ही दुकानं यंदा बंद पडली. त्यांच्याकडून घ्यायचं ते त्यांच्यासाठी, की स्वतःच्या समाधानासाठी, याचा कीस मी दुकानाच्या पायरीपर्यंत पाडत होते.

बाईंनी विचारलं, "वडिलांची छाती किती?"

मी तुमचं नेहमीचं माप सांगितलं.

"हे कधीचं?"

"दोन वर्षांपूर्वीचं. मध्ये आजारी होते, पण आता ठणठणीत आहे म्हणतात."

"ठणठणीत हे काय माप झालं, ताई? फोनवर सगळेच वडील त्या मापाचे असतात. खरं माप आणा, मग सुया हातात घेते."

मी हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून काही जाईना.

सोबत दोरा पाठवतेय. आईला तो तुमच्या छातीभोवती धरायला सांगा आणि टोक जुळेल तिथे गाठ मारून परत पाठवा. श्वास भरून छाती फुगवायची नाही हं, बाबा. गाठ फारच अलीकडे आली, तर स्वेटर टपालाने येणार नाही. घेऊन मीच येईन.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
थोरली