फळ्यावरची विहीर

८ जानेवारी १९७४, मंगळवार

फळा मिळाला! शाळेनं टाकून दिलेला, एका कोपऱ्यात फुटलेला, पण काळाभोर. अब्बांनी शिरोलीहून कामावरून येताना दोन हूक आणले आणि वाचनालयाच्या दाराबाहेर ठोकून दिला.

तीन वर्षं मी या टेबलाशी बसून पुस्तकं बदलून देतेय. परत देताना प्रत्येक जण काहीतरी बोलतो. "रडवलं हो." "काही दम नाही." "याला कुणी छापलं?" ते सगळं हवेत जातं. कमिटी आपली वर्षातून एकदा स्वतःच्या मनानं यादी करते आणि पुस्तकं आणते. म्हणून अण्णासोंना विचारलं, वाचकांचं मत रोज एक, फळ्यावर लिहू का? अण्णासो आमचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. म्हणाले, "लिही. शुद्धलेखन बघून लिही."

पहिला मान इमामबी खालांचा. त्या कथाकादंबरीला हात लावत नाहीत. पाककृती, शिवण, विणकाम एवढंच. आणि नेलेलं प्रत्येक पुस्तक करून बघतात. आज पाककृतीचं पुस्तक टेबलावर आपटलं. त्यांचं मत जसंच्या तसं लिहिलं—

"चवीपुरतं मीठ म्हणे. चव कुणाची, ते लिहा की. आणि चार माणसांसाठी म्हणजे कुठली चार? हे आमच्यातल्या दोघांना पुरलं नाही."

१० जानेवारी

लोक थांबतात! सायकलवरून एक पाय टेकवून वाचतात आणि हसत पुढं जातात.

१२ जानेवारी, शनिवार

बाळासो शिरोलीला, अब्बा जातात त्याच फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामावर आहे. रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक परत घेऊन आला. तोंड पडलेलं. त्याचं मत: "रेडिओ उघडायचं पान चांगलं आहे. परत बंद करायचं पान सापडलं नाही."

संध्याकाळपर्यंत आख्ख्या मंगळवार पेठेत पसरलं. समोरचा पानवाला येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतोय, "आजचं वाचलं का?" आज अकरा नवे सभासद. आनंदानं मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, ताप आहे का बघ.

१५ जानेवारी

पारूआज्जी फक्त मुलांची पुस्तकं नेतात. वय सत्तरच्या पुढं. म्हणतात, मोठ्यांच्या पुस्तकात अक्षर बारीक आणि रडणं फार. आज त्यांनी सांगितलं— "चित्रं झकास, कागद जाड. पण शेवटी कोल्हा सुधारला, हे पटलं नाही. पोरांना खोटं सांगू नये. एक दिवस कोल्हा भेटलाच तर?"

हे लिहिताना हसता हसता माझ्याच हातातला खडू खाली पडला.

सगळे बोलतात, एक सोनूबाई सोडून. त्यांच्या मालकांची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. आठवड्याला तीन कादंबऱ्या नेतात. एवढं वाचणारं आमच्याकडं दुसरं कुणी नाही. विचारलं की एकच उत्तर, "बरं हाय." चांगलं असो, वाईट असो— बरं हाय. मी ठरवलंय, यांना बोलतं करायचं.

१८ जानेवारी, शुक्रवार

बोलल्या!

गेल्या वर्षी गाजलेली ती विहिरीची कादंबरी आहे ना, आपल्या कोल्हापूरच्याच जोतीराम गावड्यांची. शेवटी नायिका सासरच्या जाचाला कंटाळून विहिरीत उडी घेते. आमच्याकडं तिच्या दोन प्रती आहेत आणि दोन्हींची शेवटची पानं रडून रडून फुगलेली. मी स्वतः दोनदा रडलेय. सोनूबाईंनी ती आज परत दिली. मी नेहमीसारखं विचारलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"लिवतीस का मी सांगिन ते?"

"लिहिते की."

"नाव न्हाय घालायचं."

"नाही घालत."

मग एका दमात बोलल्या. मी फळ्यावर तेच लिहिलं—

"पुस्तक चांगलं हाय. शेवट खोटा हाय. बाईचं पुढं काय करायचं ते लिवणाऱ्याला सुचलं न्हाय, म्हणून त्यानं तिला हिरीत ढकललं. — एक वाचक."

शुद्धलेखन बघितलं नाही. बघायचंच नव्हतं.

१९ जानेवारी

कॉलेजची पोरं वहीत उतरवून नेतायत. पानवाल्याच्या दुकानापुढं दोन तट पडलेत. एक म्हणतो बाई बरोबर बोलली, दुसरा म्हणतो एवढ्या मोठ्या लेखकाला असं बोलायचं काम नाही. ज्यांनी कादंबरी वाचली नव्हती ते ती मागायला येतायत. दोन्ही प्रती गेल्या. पुढं सतरा जण नाव लावून बसलेत. मला नुसतं उडाल्यासारखं झालंय.

२१ जानेवारी, सोमवार

उडाले ती खाली आले.

अण्णासो सकाळी कुलूप काढायच्या आधीच दारात उभे. हातातली छत्री फळ्याकडं रोखलेली. रविवारी वाचनालयाचा वर्धापनदिन आहे आणि प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनी बोलावलंय कुणाला, तर जोतीराम गावड्यांनाच! मला हे माहीत असायला हवं होतं. पत्रिका माझ्याच टेबलावर पडून होत्या.

"कोण ही वाचक?"

"नाव सांगायचं नाही असं कबूल केलंय."

"मग पूस ते. आणि त्याच जागी लिही, वाचनालय दिलगीर आहे. नाहीतर नजीरा, या जागेवर कुणाला ठेवायचं याचा कमिटीला विचार करावा लागेल."

चांगले आहेत हो अण्णासो. माझ्या मॅट्रिकच्या वेळी स्वतःची पुस्तकं दिली होती त्यांनी. म्हणून जास्त लागलं.

घरी सांगितलं. अब्बा हात धूत होते, वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "नोकरी गई तो जाने दे. जो बोली वो लिखी ना? फिर पोंछना क्यूँ?"

२२ जानेवारी

पुसलं नाही. खाली एक ओळ वाढवली: "लेखकांना विनंती— रविवारी सभेत या मतावर बोलावं. वाचकही बोलतील."

नोकरी जाईल हे कळत होतं. पण लिहिताना मजा वाटली, हेही खरं.

२३ जानेवारी

गावडे सरांचा निरोप आला, "येतो." एवढाच. रागावून की कसं, निरोप्यालाही कळलं नाही. अण्णासो माझ्याशी बोलत नाहीत.

२५ जानेवारी

सोनूबाई आल्या. म्हटलं, रविवारी याल ना? तुमच्याच मतावर सभा आहे.

"मी न्हाय येणार. मालकास्नी कळलं तर? आन् मी काय बोलू त्या मोठ्या माणसाफुडं?"

"मला सांगितलंत तेच."

"ते तुला सांगितलं." एक नवीन कादंबरी उचलली आणि पदर सावरून निघून गेल्या. त्यांचं बरोबर आहे. उत्साहाच्या भरात मी त्यांना कुठं ओढतेय?

२७ जानेवारी, रविवार

कुठून सुरुवात करू? सगळं जसं झालं तसं लिहिते.

खुर्च्या पुरल्या नाहीत. सतरंजीही पुरली नाही. बाळासो आणि फौंड्रीची चार पोरं दारात उभी. पारूआज्जी पहिल्या रांगेत. इमामबी खालांनी सगळ्यांसाठी शिरा केलेला. पुस्तकातला नाही, स्वतःचा, असं दोनदा सांगितलं.

गावडे सर साधे निघाले. पांढरा सदरा, जाड भिंगाचा चष्मा, आवाज इतका हळू की मागच्यांना पुढं सरकावं लागलं. अण्णासोंनी हार घातला, माफी मागायला तोंड उघडलं, तर सरांनी हात धरून त्यांना खाली बसवलं. म्हणाले, "फळ्यावरचं मला आधीच कळलं होतं. पहिल्यांदा राग आला. रात्रभर झोप लागली नाही. आता ज्यांनी म्हटलंय त्यांनी सांगावं, शेवट खोटा कसा?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणी उठेना. मला वाटलं, संपलं. मग मीच उभी राहिले. म्हटलं, "सर, त्या आलेल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं असं की—"

"आलीया की."

दाराशी, फौंड्रीच्या पोरांच्या मागं. बाळासो बाजूला झाला. सोनूबाई आत आल्या, पण बसल्या नाहीत. भिंतीला एक हात लावून उभ्या राहिल्या.

"मीच ती. शेवट खोटा हाय असं मी म्हटलं, कारण मी गेलते हिरीवर."

पारूआज्जींनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"तवा आम्ही कुरुंदवाडला ऱ्हात हुतो. लग्नाला आठ वर्सं झाल्याली, पोरबाळ न्हाय. रोज उठून बोलणी. एक दिस पहाटे उठले आन् गेले. काठावर बसले. तुमच्या पुस्तकात तिला आईची याद येती, देव आठवतो, आभाळ दिसतं. मला काय बी आठवलं न्हाय. एकच आठवलं, चुलीवर दूध ठेवलंय. उतू जाईल. म्हणून उठले आन् परत आले."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. पण सोनूबाईच हसल्या. मग सगळेच थोडे हसले, डोळे पुसत.

सर म्हणाले, "बाई, तुम्ही परत आलात. पण माझी सख्खी चुलती नाही आली. मी दहा वर्षांचा होतो. दोर धरून तिला वर ओढणाऱ्यांत माझे वडील होते. मी तिचं लिहिलं. ते खोटं कसं म्हणू?"

"न्हाय, मग ते खोटं न्हाय," सोनूबाई म्हणाल्या. "पर सर, आमच्यासारख्या वाचणाऱ्या किती जणी त्या काठावर बसल्यात, ते तुम्हाला म्हायीत हाय का? त्यांनी शेवटचं पान वाचलं तर त्यांनी काय करायचं?"

सरांनी चष्मा काढून हातात धरला. मला वाटतं दोघंही खरं बोलत होते. दोन खरी माणसं समोरासमोर उभी राहिलेली मी पहिल्यांदाच बघितली.

शेवटी सरांनी विचारलं, "आणि पुढं?"

"फुडं काय? दूध उतू गेलंच हुतं. सासूनं बोलून घेतलं. पोर अजून बी न्हाय." मग मान वर करून म्हणाल्या, "पर मी हाय की."

पारूआज्जींनी पहिली टाळी वाजवली. मग खोलीचं काय झालं ते लिहिता येत नाही.

जाताना बघते तर सोनूबाईंचे मालक रस्त्याच्या पलीकडं उभे. किती वेळचे उभे होते कोण जाणे. ते पुढं आले, बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "चल. ऊन हाय अजून, रंकाळ्यावरनं जाऊ." गेले दोघं. पाठमोरे दिसेनासे होईपर्यंत मी दारातच उभी!

२८ जानेवारी

अण्णासो आले. फळा वाचला, आपल्या रुमालानं त्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "'विहीर' शब्द नीट लिहायला हवा होतास. राहू दे. 'हीर'च बरी आहे." माझ्या नोकरीचा विषय निघाला नाही. नवीन पुस्तकांच्या यादीसाठी कमिटीत दोन वाचक घ्यायचे ठरतंय. इमामबी खाला म्हणतात, मला घेतलं तर मिठाचा प्रश्न पहिला.

दुपारी सोनूबाई आल्या. "त्ये बी लिव की. काल बोलले ते."

"सगळं?"

"सगळं कशाला? एवढंच लिव."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: "मी बी हिरीवर गेलते. परत आले. आता आठवड्याला तीन पुस्तकं वाचते. — सोनूबाई."

नाव घालायला त्यांनीच सांगितलं.

३१ जानेवारी, गुरुवार

आज पुस्तकं बदलून दिली नाहीत. सकाळी गेले तर पायरीवर एक बाई बसलेली. माझ्याच वयाची असेल. गडमुडशिंगीहून चालत आलेली, पाय धुळीनं भरलेले. म्हटलं, सभासद व्हायचंय का? तिनं नाही अशी मान हलवली. फळ्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही सोनूबाई कुठं ऱ्हाती? मला आजच भेटायचं हाय. उद्या न्हाय चालायचं."

मी काही विचारलं नाही. कुलूप परत लावलं, तिचा हात धरला आणि निघाले. सोनूबाईंनी दार उघडलं. तिच्या तोंडाकडं बघितलं. मला म्हणाल्या, "तू जा, नजीरा." आणि तिला आत घेतलं.