अमेरिकेतल्या त्या बाईंचं ऐकून

मु. पो. आंजी (मोठी)

आईस वनूचा जयभीम,

शनिवारी सकाळी मी विहार झाडून सतरंजी अंथरत होते, तेव्हा विहार समितीचे लहानू भाऊजी आले. पावसाळ्यात वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात धम्मग्रंथाचं वाचन तुझे जावई करायचे. ते गेल्यापासून त्यांची वाचनाची खुर्ची रिकामीच आहे. मी विचारलं, "भाऊजी, यंदा मी वाचू का?"

ते हसले. "वहिनी, तुमी चायचं पाहा नं! आधी समाजाचं होऊ द्या, बायकाइचं मंग पाहू."

मी सतरंजी अंथरून घरी आले. तुझ्या नातीनं, नंदिनीनं, वाचनालयातून एक चरित्र आणलं आहे, अमेरिकेतल्या काळ्या लेखिकेचं. लोकांची भांडी घासता घासता ती लिहू लागली, गोऱ्यांच्या जुलमाविरुद्ध लढली. पण तिच्या चळवळीतले भाऊही तिला हेच म्हणायचे, आधी समाजाचं. तिनं विचारलं, "समाजात मी येत नाही का?" आणि ती बोलतच राहिली. तिचाही नवरा लवकर वारला होता.

काळजी करू नकोस. जेवते वेळेवर, झोपही लागते बहुतेक. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहिते. दादाकडून वाचून घे. तो हसला तर पुन्हा वाचायला लाव.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, विहारात वंदना झाल्यावर मी त्या खुर्चीवर जाऊन बसले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं धम्मग्रंथातलं एक प्रकरण शेवटपर्यंत वाचलं.

तुझी,
वनू