निळं सूत, चार गाठी

नायना,

तुमचे दोस्त चाचा काही महिन्यांपूर्वी एका बुधवारी पुन्हा गाडीचं विचारायला आले होते. या वर्षातली ती तिसरी खेप. दारात उभे राहूनच बोलले. अम्मा गेल्यापासून ते आत येत नाहीत, घरात मी एकटी असते म्हणून. सात रस्त्यावरचा त्यांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना अजून आहे. तुम्ही गेल्यानंतर त्यांनी उतारूंची एक सर्व्हिस मोटारही घेतली. अक्कलकोटावरून दुधनीला जाते. ती चार दिवस दुधनीलाच उभी होती. तिचा मॅग्नेटो, इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र, जळाला होता आणि नवा मुंबईहून यायला महिना लागेल असं दुकानदारानं कळवलं होतं. आपल्या लाल गाडीचा मॅग्नेटो तिला चालेल असा त्यांचा अंदाज होता. ड्रायव्हर तिकडे मोटारीतच झोपतो, आणि खोळंबलेल्या लोकांच्या कानडी शिव्या खातो, एक शब्द कळत नाही म्हणून बरं आहे, असं सांगून ते हसले. मी हसले नाही तेव्हा म्हणाले, "मेलेला हत्ती सव्वा लाखाचा, ते खरं हाय बेटी. पण दारात ठिवायचा तरी किती वर्सं?"

मी त्यांना विचारलं, गाडी पुन्हा जोडता येईल का. अकरा वर्षांत हे मी कोणाला विचारलं नव्हतं. त्यांनी शेडच्या दाराकडे बोट केलं. "नंबर असते तर जोडली असती की. तुझ्या बापाचे नंबर सुतात हुते. सूत गेलं, गाडी गेली." मी म्हटलं, नायनांचं ते सूत अम्मानं काढून टाकलं. मी हे नेहमीच असं सांगत आले आहे. अम्मा जिवंत असतानाही सांगत होते आणि तिनं कधी नाही म्हटलं नाही. मग रविवारपर्यंतची मुदत मागून मी दार लावून घेतलं.

ती गाडी घरी आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी एकोणीस वर्षांची. सासरहून तुम्ही मला परत आणून चार वर्षं झालेली, आणि मी मास्तरणीच्या परीक्षेला बसलेली. गिरणीतला विणखात्याचा साहेब कायमचा विलायतेला जायला निघाला होता. त्याच्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन ठोके देऊ लागलं होतं, ती कोणी घेईना, म्हणून त्यानं ती तुम्हाला देऊन टाकली. आठ वर्षं ती तुम्हीच पुसली होती. दोन माणसांपुरती जागा, टप नाही, मागं निमुळती होत गेलेली शेपटी. गल्लीतली माणसं तिला होडी म्हणायची. चार जण मागून ढकलताहेत आणि तुम्ही चाक धरून आत बसला आहात, डोक्यावर नेहमीचीच काळी टोपी. मी आणि अम्मा मागून चालतोय. सात रस्त्यावर एक बैलगाडी आडवी येते आणि तुम्ही हॉर्न वाजवता. इंजिन बंद आहे, गाडी माणसांच्या जोरावर चालली आहे, तरी वाजवता. लोक हसतात. अम्मा पदर तोंडाला लावते. तुम्ही हसत नाही. दुसरी जागा रिकामी असते. तुम्ही मला बस म्हणाला होता. मी लाजले आणि नको म्हटलं.

त्यानंतर प्रत्येक रविवारी तुम्ही ती खोलत गेलात. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, पण त्यावाचून तुमचं अडत नव्हतं. इंजिनातला एकेक भाग सोडवून रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा आणि त्याला सुताचा तुकडा बांधायचा. लाल सूत वरच्या भागाचं, पिवळं खालच्या, निळं विजेच्या. जितक्या गाठी तितकावा नंबर, आणि दहा झाले की एक फास. तीन फास दोन गाठी म्हणजे बत्तीस. जो शेवटी सुटला तो आधी बसवायचा. मागावरच्या माणसाला दुसरं काय सुचणार, असं मला तेव्हा वाटायचं. एकदा मी म्हटलं की मी कागदाच्या चिठ्ठ्या करून देते, त्यावर आकडे आणि नावंही लिहीन. तुम्ही वर न बघता म्हणालात, "कागद तेलात टिकत नाही, बिड्डा. ते शाळेत ठेव." चाचांच्या समोर म्हणालात. आज मला ते साधं, खरं वाक्य दिसतं. तेव्हा ते दुसरंच ऐकू आलं. मला वाटलं, मला शिकवलं खरं, पण त्या शिक्षणाला या घरात कवडीची जागा नाही.

मग तुम्हाला ताप आला आणि तुम्ही तीन आठवडे अंथरुणावर होता. मी शेडमध्ये गेले. दोन दिवस लागले. एकेक गाठ मोजून आकडा कागदावर लिहायचा, सूत सोडायचं, कागदाला भोक पाडून शिवणाच्या दोऱ्यानं तो त्या भागाला बांधायचा. अक्षर मी फार जपून काढलं. तुम्ही उठाल आणि बघाल, असं मनात होतं. सोडलेलं सूत अम्मापुढे टाकलं. तिनं गाठी उकलल्या, सूत सोड्याच्या पाण्यात उकळलं, तुकडे एकमेकांना सांधले आणि कांडीवर गुंडाळून घेतलं. विणकराच्या घरात वीतभर सूत फेकत नाहीत. पुढं ते एका पंच्याच्या काठात गेलं. सूत धुतलं तिनं. काढलं मी.

तुम्ही उठलात तोवर चिठ्ठ्यांनी तेल ओढलं होतं. शाई पसरून त्यांवर नुसते निळसर डाग राहिले होते. तुम्ही एक चिठ्ठी उन्हात धरलीत आणि माझ्याकडे दिलीत. "काय आहे?" मी ती डोळ्यांजवळ नेली. माझंच अक्षर मला वाचता आलं नाही. तुम्ही चिठ्ठी परत घेतलीत, त्या भागावर ठेवलीत आणि हात धुवायला गेलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर रविवारी तुम्ही शेडचं दार आतून लावून घ्यायला लागलात. मी चहा नेला तर दार थोडं उघडून घ्यायचात. आतून ठोकाठोकीचा आवाज यायचा नाही. मला वाटायचं, तुम्ही नुसते बसून असता. माझं तोंड बघायला नको म्हणून बसता. पुढच्या वर्षी गिरणीतच तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्हाला घरी आणलं ते गेल्यावरच. माझ्या पहिल्या नोकरीचा तो दुसरा महिना.

अकरा वर्षं मी शेडचं कुलूप काढलं ते फक्त पत्रा गळायला लागला तेव्हा. मागच्या शेपटीवर पाणी पडून तिथं हात जाईल एवढी भोकं पडली आहेत. लाल रंग कुठंच उरला नाही. जो लाल दिसतो तो गंज आहे. एका बैठकीत भरलेल्या घोड्याच्या केसांत उंदरांनी घर केलं होतं. सुटे भाग ज्यात होते ती गिरणीची सुताची पेटी मी कधी उघडली नाही. काय दिसेल ते मला ठाऊक होतं.

त्या रविवारी सकाळी उघडली. वरती तुमचा जुना सदरा पसरलेला होता. खाली भाग ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर माझी चिठ्ठी होती, तेल पिऊन काचेसारखी झालेली. आणि चिठ्ठीच्या त्याच भोकातून ओवलेलं नवं सूत. लाल, एक फास, दोन गाठी. पिवळं, सात गाठी. पिवळं, आठ. मी जमिनीवर बसून मोजत गेले. कोणता भाग कशानंतर येतो हे तुम्ही एकेक भाग दुसऱ्यात बसवून बघून पुन्हा शोधत होता. म्हणून आवाज नव्हता. वर्षभराच्या रविवारांत दोन तृतीयांश भाग झाले होते. माझा एकही कागद तुम्ही काढून टाकला नव्हता.

शेजारच्या घरातले माग रविवारचे बंद असतात. इतकी शांतता आपल्या गल्लीत फक्त त्याच दिवशी असते. मी किती वेळ बसले होते सांगता येणार नाही. चाचांनी कडी वाजवली तेव्हा उठले आणि शेड उघडी ठेवूनच त्यांना बोलावलं.

त्यांनी पेटीत वाकून पाहिलं. दोन-चार भाग हातात घेतले, गाठींवरून अंगठा फिरवला. मग उकिडवे बसले. मी त्यांना सांगितलं की सूत अम्मानं काढलं नव्हतं, मी काढलं होतं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"नायनांनी सांगितलं?"

"एक चिठ्ठी घिऊन आला हुता कारखान्यात. मला म्हणला, बघ, पोरीचं अक्षर बघ. मी बघितलं." ते सूत चाचपत राहिले. "मला बी वाचता येत न्हाय, त्याला बी न्हाय. दोघं उन्हात धरून बघत बसलो. लई देखणं हाय म्हणला."

मी पेटी त्यांच्यापुढे सरकवली. मग ते पेटीतले भाग एकेक करून गोणपाटावर मांडायला लागले. त्यांना घाई नव्हती. शेवटी म्हणाले की एवढ्या खुणा असल्या तर बाकीचं त्यांना लावता येईल. तीन-चार महिने लागतील. धावेल का ते खुदा जाणे, पण इंजिन सुरू होईल. "फकस्त मग मॅग्नेटो देत न्हाय म्हणायला पायजे तू. ह्या गाडीला दुसरा मिळायचा न्हाय." मॅग्नेटो त्यांच्या मांडीवरच होता. निळं सूत, चार गाठी. त्यांनी त्याचा दांडा बोटांनी गर्रकन फिरवला आणि विजेचा झटका बसून हात मागं घेतला. "चावतोय अजून," म्हणाले, आणि त्यांना खरोखर आनंद झाला.

तेव्हा मला ठरवावं लागलं. बुधवारी प्रश्न सोपा होता. मेलेल्या वस्तूचे भाग द्यायचे की नाही एवढाच. आता ती जिवंत होणार होती, तुमच्या हातानं अर्ध्याहून जास्त केलेली. मी गाडीकडे पाहिलं. तिच्यात दोनच जागा आहेत. चाचा एखाद्या रविवारी मला सात रस्त्यापर्यंत नेऊन आणतील, लोक बघतील, मग ती पुन्हा शेडमध्ये येईल आणि मी कुलूप लावीन. मला गाडी चालवता येत नाही. शेजारी बसवायला माणूस नाही. तुम्ही बस म्हणालात तेव्हा मी नको म्हटलं होतं, आणि त्या जागेवर आता बसल्यानं ते फिरणार नव्हतं. आणि दुधनीला एक माणूस मोटारीत झोपत होता.

मी म्हटलं, "न्या."

चाचा लगेच उठले नाहीत. "इचार कर. ह्यो गेला की बाकीचं बी जाणार. एकदा हात घातला की मग थांबत न्हाय." मी पुन्हा न्या म्हटलं. त्यांनी खिशातून चाकू काढून सूत कापायला घेतलं, तेव्हा मात्र मी ते तसंच राहू द्या म्हणाले. ते गरम होऊन जळेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, जळू द्या. माझी चिठ्ठी तेवढी काढून घेतली.

त्यांनी सांगितलं तसंच झालं. मॅग्नेटोमागून दिवे गेले, मग पाण्याची टाकी, मग पेटीतले सुटे भाग, मग चाकं. चाचा प्रत्येक वेळी विचारतात आणि मी हो म्हणते. शेडमध्ये आता नुसता सांगाडा आहे आणि तोही पुढच्या आठवड्यात लोहार नेणार आहे. सर्व्हिस मोटार रोज सकाळी शाळेच्या वेळेला सात रस्त्यावरून जाते. मी थांबते. ती दिसण्याआधी तिचा आवाज येतो.

हे मी मराठीत लिहिलं. तुमची माझी भाषा ती नव्हती. तेलुगू मला बोलता येते, लिहिता येत नाही. तुम्हाला मराठी बोलता यायची, वाचता नाही. तुम्ही असतात तरी हे पत्र तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि दुसऱ्या कोणाला ते वाचू देण्याची माझी तयारी नाही. तेव्हा ते कुठं जाणार नाही. त्या चिठ्ठीबरोबर रिकाम्या पेटीत ठेवीन. पेटी पुसून कोरडी केली आहे.

एक सांगायचं राहिलं. पत्राला भोक पाडून मी निळं सूत ओवलं आणि तुमच्यासारखी गाठ मारायला गेले. ती सुटते. सकाळपासून सहा-सात वेळा मारून पाहिली, सुटतेच आहे. अम्माला ती एका हातानं यायची. तुम्ही मला दोनदा दाखवली होतीत. दोन्ही वेळा मी हो हो म्हटलं आणि पुस्तकातून मान वर केली नाही.