राणीले बोलतं केलं तुम्ही!

प्रिय आत्याबाई,

सासू गेल्यावर सून तिला पत्र लिहिते, असं कुणी ऐकलंय का? पण आज जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आपल्या शेजारच्या दुलारीची राणी आज शाळेच्या कार्यक्रमात माईकवर बोलली!

मी लग्न होऊन हुडको कॉलनीमागच्या या वस्तीत आले, तेव्हा राणी चांगली चालायची, पण तोंडातून शब्द नव्हता. लोक तिला मुकी म्हणायचे. दुलारी दिवसभर विटा-रेती वाहायची आणि घरी येऊन गुपचूप चूल पेटवायची. तुम्ही आधी पोरीला दवाखान्यात नेऊन कान दाखवून आणले. ऐकू तर येत होतं! मग तुम्ही दुलारीला विचारलं, "तू पोरीसंग बोलतं का?"

"नान्हे हे दाई, का समझही?"

"लहान आहे म्हणून तं बोलायचं! भाजी चिरून राहिली तं भाजीचं नाव सांग. पाणी टाकून राहिली तं पाणी म्हण."

तुम्हाला दाई, म्हणजे आई, म्हणणारी दुलारी लाजायची. तिच्याशी तरी लहानपणी कोण बोललं होतं? मग तुम्हीच रोज तिच्या चुलीपाशी जाऊन बसू लागलात. तुम्ही मराठीत, ती छत्तीसगढीत, मधे राणी डब्यांची झाकणं वाजवत. आणि घरचा स्वयंपाक माझ्या गळ्यात! हो की नाही?

एका संध्याकाळी दुलारी धावत आली. "दाई, रानी पानी कहिस! पानी कहिस!" तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून ती किती रडली! तुम्ही एवढंच म्हणालात, "माह्यामुळं नाही वो. तू बोलली, म्हणून ते बोलली."

आज राणी माईकवर म्हणाली, "मुझे बोलना मेरी माँ ने सिखाया." दुलारीची मान अशी ताठ झाली, की मी बघतच राहिले. तुमचं नाव निघालं नाही. क्षणभर खटकलं मला. मग कळलं, तुम्हाला हेच तर हवं होतं! काय अभिमान वाटला तुमचा, आत्याबाई!

पण जायची इतकी घाई कावून केली? मला दिवस गेलेत. हे ऐकायला तरी थांबायचं होतं!

शब्द देते, लेकराशी पहिल्या दिवसापासून बोलेन, लाजणार नाही. आणि तुमचा लेक ड्यूटीवरून कितीही दमून आला, तरी त्यालाही बोलायला लावीन!

तुमची सून,
वंदना