बाबांच्या कमरेचं यंत्र

३ फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ

बाबांच्या कमरेला यंत्र बांधून दिलं आणि आत्ताच टेकलो. बकल उलटं लागलं तर, म्हणून दोनदा तपासलं. फिजिओथेरपीच्या बाईंनी काल दवाखान्यात पुन्हापुन्हा दाखवलं होतं. पाठीशी डबा, मांड्यांवर दोन पट्टे. पाऊल उचललं की यंत्र मांडीला रेटा देतं, म्हणजे दम कमी लागतो. यंत्राची अजून रुग्णांवर चाचणी चालू आहे, म्हणून महिनाभर वापरायला मिळालं.

बाबांची फुप्फुसं पॉलिशच्या कारखान्यातल्या धुळीनं गेली. वर्षभर जिना उतरले नाहीत. मोरीपर्यंत जायचं तरी मध्ये खुर्ची लागते.

बटण दाबलं. हिरवा दिवा, बारीक घरघर. "इंजिन नवं, धुराडं जुनंच," बाबा म्हणाले — आणि निघाले! खुर्चीला न टेकता थेट खिडकीपर्यंत. आई पाठ फिरवून घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली.

८ फेब्रुवारी

जिना उतरून न्हाव्याकडे दाढी करून आले. तुम्ही गेलात असं ऐकलं होतं, असं न्हावी म्हणाला म्हणे. बाबा दिवसभर तेच सांगत हसत होते.

१२ फेब्रुवारी

दुकानात एका वकिलाची पाटी कोरताना वेलांटी चुकली. आख्खा पत्रा फुकट. मालक वाटेल ते बोलले.

लक्ष घरी होतं. सकाळी आई हळूच म्हणाली, "ही ह्यांची चाल नाही रे." लग्नापासून ती बाबांचं पाऊल ऐकते आहे. उजवा पाय किंचित घासत यायचा, तो आता घासत नाही. यंत्रामुळे असेल, म्हटलं.

१५ फेब्रुवारी

बाबा चालत भिंतीपर्यंत गेले आणि वळलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून जागच्या जागी पावलं टाकत राहिले. ओठ निळे. मी धावत जाऊन बटण बंद केलं. दिवा विझला. त्यानंतरही दोन पावलं पडली — मग थांबले.

"पायांना कुठला दम लागायला? दम मला लागतो." चेष्टेत म्हणाले. मला हसू आलं नाही.

बाईंना फोन केला. असं होऊच शकत नाही, म्हणाल्या. यंत्र आपणहून पाऊल टाकत नाही, टाकलेल्याला नुसती मदत करतं. तरी काढून ठेवा आणि उद्याच दोघं या.

बाबा ऐकेनात. "बसव परत त्या खुर्चीत, म्हणजे सुटलास!"

मी पट्टे तसेच राहू दिले.

२० फेब्रुवारी

सुट्टी. भर दुपारी बाबा खुर्चीत झोपले होते, पट्टे लावूनच. पाय चालत होते. टाच, चवडा, टाच, चवडा. श्वासाची नुसती फरफट. पाय मात्र जेवून फेरफटका मारायला निघाल्यासारखे निवांत.

आई दारात येऊन उभी राहिली. "उठव त्यांना." मला हात लावायची भीती वाटली. सख्ख्या बापाच्या पायांना!

शेवटी पट्टे सोडले. बाबा जागे झाले, पाय थांबले. बराच वेळ पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "परत देऊन ये ते. मला थांबता येत नाही."

२१ फेब्रुवारी

यंत्र परत केलं. बाईंनी ते उघडून बघितलं, मग कुणाला तरी फोन करून बाबांचा चाचणीतला नंबर सांगितला आणि विचारलं. अर्ध्या लोकांना मुद्दाम पोकळ यंत्र देतात, खऱ्याचा फरक कळावा म्हणून. कुणाकडे कुठलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. सही घेताना आम्हाला हे सांगितलं होतं. बाबा चालायला लागले, तेव्हा आपलं खरंच आहे असं मी धरून चाललो.

आमच्या डब्यात दिवा होता, आवाज होता. मोटार नव्हती.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

यंत्र नाही, तरी पाय पुन्हा चालू झालेत. आई जमिनीवर बसून बाबांचे दोन्ही पाय पोटाशी घट्ट धरून आहे, श्वासाला जरा गाठता यावं म्हणून. डॉक्टर निघाले आहेत. आता पाय धरायची माझी पाळी.